मेमरी कार्ड घेताय? आधी स्लॉट बघा, मग काम. जीबी सगळ्यात शेवटी

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा जवळ आली की मला एक ठरलेला फोन येतो. "दादा, १२८ जीबीचं कार्ड आणलंय, कॅमेरा घेईना झालाय." मी विचारतो, कॅमेरा कुठला? उत्तर येतं, "थांबा, बघून सांगतो." म्हणजे कार्ड आणून झालं, कॅमेरा बघायचा अजून बाकीच आहे.

मी सोलापुरात लग्नाचं आणि यात्रेचं शूटिंग करतो. शिवाय शेजारपाजारचे लोक मोबाइल, डॅशकॅम (गाडीच्या काचेवरचा कॅमेरा), दुकानातले वाय-फाय कॅमेरे घेऊन येतात. दहातल्या सात-आठ वेळा कार्डात खोट नसते, क्रम चुकलेला असतो. आधी स्वस्त आणि मोठं कार्ड घेतलं जातं, मग ते कशात बसेल ते शोधलं जातं आणि तपासणी होते ती ऐन कार्यक्रमात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. एखादी गाळली की पुढची फसते.

## सुरुवातीची तयारी

बाजारात जायच्या आधी घरी एवढं जमवा: उपकरणाचं माहितीपत्रक (हरवलं असेल तर मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतं), सध्याचं जुनं कार्ड, कार्ड रीडर आणि लॅपटॉप किंवा संगणक. कार्डावरची अक्षरं मुंगीएवढी असतात, तेव्हा मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचा. नवं कार्ड घरी आल्यावर तपासायला दीड-दोन तास लागतील, ते आधीच धरून ठेवा. लग्न उद्या आणि कार्ड आज, असं करू नका.

## पायरी १: स्लॉट (कार्डाची खाच) आणि मर्यादा लिहून घ्या

रोजच्या वापरात आकार दोनच. मोठं एसडी कार्ड ३२ बाय २४ मिलिमीटरचं आणि २.१ मिलिमीटर जाड. ते कॅमेऱ्यात आणि ऑडिओ रेकॉर्डरमध्ये बसतं. छोटं मायक्रोएसडी १५ बाय ११ मिलिमीटरचं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. मोबाइल, ड्रोन, डॅशकॅम, वाय-फाय कॅमेरा यांत तेच लागतं. छोटं कार्ड अडॅप्टरमध्ये घालून मोठ्या स्लॉटमध्ये चालतं, मोठं मात्र छोट्यात जात नाही.

काही महागड्या कॅमेऱ्यांत सीएफएक्सप्रेस नावाची वेगळी कार्डं लागतात. त्यातलं टाइप-बी आणि जुनं एक्सक्यूडी दिसायला सारख्याच आकाराचे असले तरी आतली बोली वेगळी आहे. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात दोन्ही नावं असतील तरच दोन्ही चालतील.

मोबाइलवाल्यांनी आधी सिमचा ट्रे बाहेर काढून बघावा. बऱ्याच नव्या मोबाइलमध्ये कार्डाची जागाच नसते. काहींत दुसरं सिम आणि कार्ड एकाच खाचेत असतं, म्हणजे दोन सिम किंवा एक सिम आणि कार्ड. दोन सिम वापरणाऱ्याने कार्ड घेऊन यायचं आणि मग डोक्याला हात लावायचा, हे मी दर महिन्याला बघतो.

आकार झाला, आता कुळ बघा. कार्डावर चारपैकी एक नाव असतं:

- एसडी: २ जीबीपर्यंत
- एसडीएचसी: २ जीबीच्या वर, ३२ जीबीपर्यंत
- एसडीएक्ससी: ३२ जीबीच्या वर, २ टीबीपर्यंत (१ टीबी म्हणजे हजार जीबी)
- एसडीयूसी: २ टीबीच्या वर, १२८ टीबीपर्यंत, याचा विचार सध्या नको

नवं उपकरण जुनं कार्ड घेतं, जुनं उपकरण नवं कार्ड घेईलच असं नाही. आमच्या आजीचा हरिपाठाचा स्पीकर एसडीएचसीपर्यंतच वाचतो. नातवाने हौसेने ६४ जीबीचं कार्ड आणलं आणि स्पीकर मुका झाला. १६ जीबीचं घातल्यावर बोलू लागला. नुसत्या गाण्यांना १६ जीबीही उरतात. ६४चं कार्ड एफएटी३२ या जुन्या मांडणीत फॉरमॅट करून (म्हणजे पुसून नव्याने मांडून) अशा यंत्रात चालवता येतं, असं सांगणारे भेटतील. कधी चालतं, कधी मध्येच रुसतं. महत्त्वाच्या कामाला असले उद्योग करू नयेत.

जपून: कार्ड आत जात नसेल तर दाबू नका. बहुतेक वेळा ते उलटं धरलेलं असतं. स्लॉटमधल्या बारीक पिना एकदा वाकल्या की दुरुस्तीचा खर्च कार्डाच्या कितीतरी पट येतो.

पुढे जाण्याआधी: कागदावर तीन गोष्टी आल्या का? आकार, जास्तीत जास्त किती जीबी, आणि कुळाचं नाव.

## पायरी २: काम कोणतं, त्यावरून वेग ठरवा

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते, म्हणून सावकाश वाचा.

कार्डावर मोठ्या अक्षरात १००, १७०, २०० असा जो आकडा असतो तो वाचण्याचा वेग असतो, आणि तोही "इथपर्यंत" या अर्थाने. शूटिंग करताना आपण कार्डावर लिहीत असतो. लिहिण्याचा किमान हमी वेग बारक्या चिन्हांत दडलेला असतो:

- इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १०: सेकंदाला किमान १० मेगाबाइट
- इंग्रजी यू अक्षराच्या पोटात १: किमान १०, पोटात ३ असेल तर किमान ३०
- व्ही३०, व्ही६०, व्ही९०: किमान ३०, ६०, ९०

आता हिशोब. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओचा दर मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो आणि कार्डाचा वेग मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून ८ने भागा. ४के व्हिडिओ १०० मेगाबिटने घेत असाल तर सेकंदाला १२.५ मेगाबाइट लिहायला हवेत. यू१ची हमी १०ची, म्हणजे अपुरी. रेकॉर्डिंग मध्येच बंद पडून "कार्ड स्लो" असा संदेश येतो तो याचमुळे. इथे यू३ किंवा व्ही३० घ्या. ड्रोनलाही तेच. साध्या फुल एचडीला यू१ पुरतं.

कंबर तलावावर पक्ष्यांचे धडाधड सलग फोटो काढणाऱ्यांचं गणित थोडं निराळं. कॅमेरा आधी आपल्या पोटातल्या मेमरीत फोटो साठवतो आणि मग कार्डावर ओततो. कार्ड संथ असेल तर ओतणं संपेपर्यंत कॅमेरा अडून राहतो आणि तेवढ्यात पक्षी उडून जातो. तिथे व्ही६०चे पैसे मोजणं मला पटतं, पण एका अटीवर: कॅमेऱ्याने यूएचएस-दोन, म्हणजे कार्ड आणि कॅमेरा यांच्यातली जास्त वेगाची जोडणी, घेतलं पाहिजे. अशा कार्डाच्या मागे सोनेरी पट्ट्यांची दुसरी रांग असते आणि पुढे दोन दांड्यांचा रोमन आकडा. एका दांडीच्या म्हणजे यूएचएस-एकच्या कॅमेऱ्यात ते बसतं, चालतं, पण पळतं जुन्याच वेगाने. त्या मानकाची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. एका दांडीच्या कार्डावर १७० किंवा २०० लिहिलेलं असेल, तर तो वेग त्याला साजेशा रीडरमध्येच मिळतो.

मोबाइलमध्ये कार्डावर अॅप ठेवणार असाल तर ए१ किंवा ए२ हे चिन्ह शोधा. अॅपला एकदम मोठी फाइल लागत नाही, बारीकसारीक शेकडो तुकडे लागतात, आणि हे चिन्ह त्या कामाचं आहे. ए२चा पुरता फायदा उपकरणाचीही तशी सोय असेल तरच मिळतो. नसेल तर ए१ आणि किमतीतला फरक खिशात.

डॅशकॅम आणि वाय-फाय कॅमेरा यांना वेग नको, दम हवा. दुकानातला एखादा कॅमेरा २ मेगाबिटने दिवसरात्र रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात. ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांत भरतं आणि परत पहिल्यापासून पुसून लिहिलं जातं. वर्षाला शंभर-सव्वाशे वेळा! फ्लॅश मेमरी झिजते, तिच्या पुसण्या-लिहिण्याला मर्यादा असते. म्हणून इथे "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलं कार्डच घ्या. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माझ्या ओळखीच्या एकाने मोबाइलमधून निघालेलं जुनं कार्ड कॅमेऱ्यात टाकलं होतं. चोरी झाली त्या दिवशी बघितलं, तर शेवटचं रेकॉर्डिंग दोन महिन्यांपूर्वीचं.

मायक्रोएसडी एक्सप्रेस नावाचं नवं, महाग कार्डही आता दिसतं. निन्टेन्डो स्विच २सारख्या गेमच्या यंत्राला ते लागतं. तुमच्या माहितीपत्रकात "एक्सप्रेस" हा शब्द नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

## पायरी ३: आता जीबी

१०० मेगाबिटने तासाला ४५ जीबी जातात. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड जेमतेम सव्वा तास धरा. आपल्या कामाचे तास मांडा, गुणा, वर चौथा हिस्सा जास्त ठेवा.

लग्नाला मी २५६चं एक न घेता ६४ची चार नेतो. एक रुसलं तर हळद जाईल, पण अक्षता राहतील. कॅमेऱ्यात दोन स्लॉट असतील तर दोन्हीकडे एकदमच लिहायची सेटिंग करा, मग हळदही वाचेल.

६४ जीबीचं कार्ड संगणकावर ५९च्या आसपास आणि १२८चं ११९ दिसतं. ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. यावरून दुकानदाराशी भांडू नका, भांडायची जागा पुढे येणार आहे.

## पायरी ४: खरेदी

नवी पेठेतून घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, नियम तेच: बंद पाकीट, पक्कं बिल, बिलावर तारीख आणि कार्डाचं पूर्ण नाव. कंपनीची वॉरंटी कितीही वर्षांची असली तरी बिल नसेल तर ती मागता येत नाही. ऑनलाइन घेताना कंपनीच्या नावाखाली विक्रेता कोण आहे तेही वाचा. सुटं, पाकिटाबाहेरचं कार्ड "तेच आहे की ओ, फक्त पॅकिंग नाही" असं म्हणून कोणी पुढे केलं तर हात मागे घ्या. बाजारभावाच्या चौथाईत १ टीबी मिळत असेल तर तेही तसंच.

## पायरी ५: पहिल्या वापराआधी पूर्ण तपासणी

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. मीही गाळली होती.

काही वर्षांपूर्वी गड्ड्याच्या आदल्या संध्याकाळी घाईत एका ठिकाणाहून १२८ जीबीचं सुटं कार्ड उचललं. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून शूटिंग: सातही नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या), पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, मिरवणूक. दुपारी संमती कट्ट्यावर यात्रेतल्या लग्नसोहळ्याच्या अक्षता पडल्या तो क्षण मी गर्दीत खांद्यावर कॅमेरा धरून घेतला. कॅमेरा सगळा वेळ "जागा शिल्लक" दाखवत होता. रात्री संगणकावर लावलं तर फाइलींची नावं होती, आकार होते, वेळाही बरोबर. सकाळच्या फाइली उघडल्या. त्यानंतरची एकही नाही. अक्षतांची फाइल ३ जीबीची दिसत होती आणि आत काहीच नव्हतं. नारळ होता, पाणी नव्हतं.

झालं होतं ते असं. बनावट कार्डाच्या आतली चिप छोटी असते, पण तिला "मी १२८ची आहे" असं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, ती नीट लिहिली जाते. खरी जागा संपल्यावर मजकूर कुठेच जात नाही, किंवा आधीच्यावर बसतो. कॅमेऱ्याला यातलं काही कळत नाही. नुसती कार्डाची क्षमता बघून हे पकडता येत नाही, कार्ड काठोकाठ भरून परत वाचूनच कळतं.

ते असं करा:

१. कार्ड रिकामं आहे याची खात्री करा आणि ते रीडरमधून संगणकाला जोडा.

२. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम घ्या. उघडल्यावर तो जर्मन भाषेत येतो. घाबरू नका, वरच इंग्रजीचा पर्याय आहे. मॅक किंवा लिनक्सवर एफ३ नावाचा प्रोग्राम हेच काम करतो.

३. कार्डाचा ड्राइव्ह निवडा, "उपलब्ध सगळी जागा" हा पर्याय ठेवा आणि लिहा-व-पडताळा हे बटण दाबा.

४. वाट बघा. सेकंदाला २० मेगाबाइटने ६४ जीबी लिहायला साधारण ५३ मिनिटं लागतात, वाचायला त्याहून कमी. मध्ये रीडर हलवू नका, लॅपटॉप झोपू देऊ नका.

५. शेवटी "विदाउट एरर्स" आलं तर कार्ड खरं. काही जीबी ठीक आणि बाकीचे हरवले असं आलं तर कार्ड बनावट किंवा सदोष. पडद्याचा फोटो काढा, बिल घ्या आणि त्याच दिवशी दुकान गाठा.

संगणक नसेल तर मोठे व्हिडिओ कॉपी करत कार्ड पूर्ण भरा आणि शेवटी टाकलेले चार-पाच व्हिडिओ सुरुवातीपासून अखेरपर्यंत चालवून बघा. फार काटेकोर नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं. मात्र मोबाइलमध्येच भरून मोबाइलमध्येच बघण्याआधी कार्ड एकदा काढून परत घाला.

जपून: चाचणीत वेग कमी दिसला म्हणून लगेच दुकानदाराचा गळा धरू नका. जुन्या यूएसबी २.० पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० मेगाबाइटच्या वर फारसं जात नाही. दुसरा पोर्ट, दुसरा रीडर लावून बघा.

## पायरी ६: ज्या यंत्रात वापरायचं, त्यातच फॉरमॅट

चाचणी संपली की कार्ड उपकरणात घाला आणि त्याच्याच मेनूतून फॉरमॅट करा. संगणकावरून केलेलं फॉरमॅट कॅमेऱ्याला कधी कधी रुचत नाही. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एफएटी३२ होतात, त्यावरची एक्सएफएटी या नव्या मांडणीत. एफएटी३२मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून लांब व्हिडिओ तुकड्यांत येतो. तो बिघाड नव्हे.

अँड्रॉइड मोबाइल कार्ड घातल्यावर विचारू शकतो: पोर्टेबल म्हणून वापरू की मोबाइलचीच आतली जागा म्हणून? दुसरा पर्याय निवडलात तर कार्ड कुलूपबंद होतं आणि फक्त त्याच मोबाइलला वाचता येतं. मोबाइल फुटला की कार्डावरचे फोटोही गेले. मी सगळ्यांना पोर्टेबलच सांगतो.

पुढे जाण्याआधी: एक फोटो आणि एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या, तो उपकरणात बघा, मग संगणकावर उघडा. दोन्हीकडे दिसला की कार्ड कामाला लावा.

## पायरी ७: वापरताना

कार्ड काढायच्या आधी कॅमेरा बंद करा आणि लाल दिवा विझू द्या. मोबाइलमध्ये सेटिंगमधून "अनमाउंट" करा, संगणकावर "इजेक्ट". लिहिणं चालू असताना ओढलेलं कार्ड पुढच्या वेळी "फॉरमॅट करा" असं म्हणत उठतं.

मोठ्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला बारीक खटका असतो. तो खाली सरकला की कार्ड फक्त वाचता येतं. कॅमेऱ्यात घालताना तो कधी कधी आपोआप सरकतो आणि लोक कार्ड बिघडलं म्हणून नवं आणतात. आधी खटका बघा.

कार्डांना पेनाने क्रमांक घाला. मी डबीत रिकामं कार्ड सुलटं ठेवतो, भरलेलं पालथं. मांडवाच्या अंधारातही चूक होत नाही.

सोलापूरच्या मेमधल्या उन्हाचं विचाराल, तर बऱ्याच कंपन्या कार्डाला ८५ अंश सेल्सिअसपर्यंत मुभा देतात. बंद गाडीत काचेला चिकटवलेला डॅशकॅम त्याआधीच मान टाकतो. सावलीत लावा. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताची धूळ स्लॉटमध्ये जाऊन बसते. कार्डाच्या पट्ट्या कोरड्या मऊ फडक्याने पुसा. तोंडाने फुंकर मारू नका, वाफ आत जाते.

जपून: दोन वेगळ्या ठिकाणी प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. एक प्रत लॅपटॉपवर आणि दुसरी बाहेरच्या डिस्कवर. लॅपटॉपवरच्या दोन फोल्डरांत ठेवल्या तर त्या दोन प्रती होत नाहीत.

## पायरी ८: कार्ड रुसलं तर

पहिली गोष्ट, हात थांबवा. "फॉरमॅट करू का?" या प्रश्नाला नाही म्हणा. मोठं कार्ड असेल तर खटका खाली ओढा. चुकून पुसलेले फोटो लगेच नाहीसे होत नाहीत, त्यांच्या जागेवर नवं लिहिलं गेलं की जातात. म्हणून त्या कार्डावर आणखी एकही फोटो घेऊ नका.

मग दुसरा रीडर लावून बघा. तरीही नाही जमलं तर फोटोरेक हा मोफत प्रोग्राम चालवा आणि सापडलेल्या फाइली संगणकावर उतरवा, त्याच कार्डावर नाही. ही चूक इतकी होते की पुन्हा सांगतो: त्याच कार्डावर नाही. फाइलींची मूळ नावं जातात, मजकूर मिळतो. कार्ड कुठल्याच रीडरमध्ये दिसत नसेल तर घरगुती उपाय बंद करा. उन्हात ठेवणं, फ्रीजमध्ये ठेवणं, पट्ट्या घासणं यातल्या कशानेही ते उठत नाही. डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या, आणि आधी खर्च विचारा.

एखादं कार्ड अचानक फक्त वाचता येतं, लिहू देत नाही, खटकाही वरच आहे, फॉरमॅटही होत नाही: त्याचं आयुष्य संपलं. आतल्या नियंत्रकाने ते बंद केलंय. सगळं उतरवून घ्या. आणि तसंच कचऱ्यात टाकू नका. पुसता येत नसलं तरी घरच्यांचे फोटो त्यात अजून वाचता येतात. जाड कात्रीने मधोमध कापा.